उजेड क्रमांक सदतीस

३ मार्च २०२५

प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत आलं. माझ्या मार्गदर्शक वनमाला मॅडमनी सकाळी फोन करून कारणही सांगितलं. म्हणाल्या, "बद्रीनाथ सर, तुम्ही मला अरोरा दाखवताय की पेट्रोल पंप, तेच कळत नाही."

वय सेहेचाळीस. बावीस वर्षं पाटोद्याला अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतोय. रोज दुसऱ्याच्या वहीवर लाल रेघा ओढणाऱ्याला स्वतःच्या वहीवर लाल रेघ आली की कसं वाटतं, ते आज कळलं. यापुढं हात जरा आखडता घ्यावा.

मॅडमचं म्हणणं रास्त आहे, हे इथं लिहून ठेवतो, त्यांना सांगणार नाही. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र हादरतं, आणि एरवी ध्रुवाजवळ दिसणारा रंगीत उजेड, म्हणजे अरोरा, खाली आपल्या बाजूला सरकतो. गेल्या वर्षी दहा मेच्या रात्री असं वादळ झालं, वीस वर्षांत झालं नव्हतं एवढं मोठं. लडाखच्या कॅमेऱ्यांना उत्तरेला क्षितिजालगत लाल पट्टा दिसला. तो पट्टा किती खाली उतरला होता, हे मी उपग्रहाच्या चित्रांवरून मोजतोय. उपग्रह रात्री दीडच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातो आणि अगदी मंद उजेडही टिपतो. फक्त तो कसला उजेड आहे हे त्याला कळत नाही. ते माणसानं सांगायचं.

म्हणून मॅडमनी काम लावलंय. आधी आपला बीड जिल्हा घ्यायचा. त्या रात्री होते आणि आदल्या रात्री नव्हते असे जमिनीवरचे सगळे उजेड शोधायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि पुढं कारण लिहायचं. कारण घरी बसून लिहायचं नाही, जागेवर जाऊन विचारायचं. घरच्या अंगणात पद्धत पक्की झाली की पुढचा मुलूख.

कामाची नोंदवही वेगळी आहे. ही वही कुरकुरीसाठी.

८ मार्च

बोर्डाच्या पेपरांचे दोन गठ्ठे आलेत. ते बाजूला सारून उजेड मोजले. चोपन्न.

चित्र मात्र फार स्वच्छ आहे. त्या दिवशी आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया होती, तृतीयेची कोर लवकर मावळली, आकाश काळंकुट्ट. मला तो दिवस चांगला आठवतो. आखितीला आमच्याकडं पितराला जेवू घालतात. वडिलांच्या नावानं दरवर्षी भावकीतला एक जण पाटावर बसायचा, तो नेमका इलेक्शनच्या सभेला गेला. आई म्हणाली, अडलंय का त्याच्यावाचून? आमराईतून चाँदचाचाला बोलावून आणलं तिनं. चाँद बागवान चाळीस वर्षं आमच्या झाडांचा आंबा घ्यायचा, उन्हाळाभर आमराईत खोप घालून राहायचा. वडील आणि तो एका बांधावर बसून भाकरी खायचे. वडिलांच्या पाटावर तोच बसला. पुरणपोळी, आमरस, कुरडया. गोवऱ्यांच्या विस्तवावर आईनं वडिलांच्या नावाचा घास टाकला. वादळ येतंय हा इशारा मला मिळाला तेव्हा माझ्या एका हातात राखेचं घमेलं आणि दुसऱ्या हातात मोबाईल होता. उकिरड्यावरून घरात येईपर्यंत मी तीन मित्रांना फोन लावले होते. जिल्ह्यात ही बातमी सगळ्यात आधी मला होती, हे सांगताना अजूनही बरं वाटतं.

आईला आज चित्र दाखवलं. चष्मा पुसून बघितलं तिनं. म्हणाली, ही आखितीची रात असंल तर शहादेवची पेटलेली गंजी बी दिसंल की यात.

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा.

९ मार्च

आहे. आमच्या गावावर एक ठिपका, बऱ्यापैकी ठळक. क्रमांक सदतीस.

१२ मार्च

आज सिरसाळ्याला जाऊन आलो. चौदा ते एकवीस हे आठ उजेड तिथल्या वीटभट्ट्यांचे निघाले. भट्टीवाल्यानं चहा पाजला. मी सरकारी माणूस नाही ही त्याची खात्री पटायला दोन चहा लागले. बावीस क्रमांक लग्नाचा. नवरदेवाच्या मामानं मांडवात एवढे दिवे लावले होते की ते आभाळातून दिसले असं सांगितल्यावर त्याला फार आनंद झाला. मला लेखी मागत होता.

घरी येऊन सदतीसचा रकाना भरला. "कडब्याच्या गंजीची आग. कारण: आमराईतील चूल. खातरजमा: संशोधकाचं स्वतःचं गाव."

प्रकरण असं. शहादेव आमच्या भावकीतला, शेजारी. त्याच्या खळ्यात वर्षाच्या कडब्याची गंजी होती. आखितीच्या रात्री ती पेटली. गंजीला लागून बांधलेली कालवड भाजून मेली. बीडहून बंब आला तोवर राखच होती. सकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. चूल पेटवणारा रानात एकच, चाँदचाचा. तो म्हणाला, मी तर रात्री आठलाच चूल विझवून पाणी मारलं होतं. शहादेव रडत होता, त्याला कोण काय सांगणार? शेवटी माझ्याकडं वळले. सर, तुमी सायन्सचे, चुलीची ठिणगी इतक्या लांब जाती का?

मी म्हणालो, "जाऊ शकते. वाऱ्याचा नेम नसतो."

वाक्य भौतिकशास्त्राप्रमाणे बरोबर आहे. "जाऊ शकते" आणि "गेली" यात फरक असतो, तेवढं सांगायचं राहिलं. गावानं ठरवलं की चाँदला इथून पुढं कुणी झाडं द्यायची नाहीत. त्याच दुपारी तो आणि जाहेदाचाची खोप मोडून गेले. निम्मा आंबा झाडावरच होता. आता वडवणीला असतात म्हणे, चाचीच्या माहेरी.

आई त्यानंतर आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला तेव्हा तिचं नवल वाटलं होतं.

१४ मार्च

धुळवड. मॅडमना सुट्टी नसते. आतापर्यंत भरलेले बाकीचे रकाने मंजूर, एकटा क्रमांक सदतीस नामंजूर. मी म्हणालो, अहो, सगळ्या गावाला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "गाव म्हणतं ही खातरजमा नव्हे, सर. ज्याचं कारण सांगता येत नाही तिथं कोरं सोडा. आणि सांगता येतं तिथं खरं लिहा." दुसरा एक उपग्रह दिवसा जमिनीची रंगीत चित्रं घेतो, त्यात जळालेली जमीन काळी दिसते, ती बघा म्हणाल्या.

एका गंजीसाठी एवढा खटाटोप. माझा विषय आभाळातला आहे.

१९ मार्च

पेपर संपले. बारा मेचं दिवसाचं चित्र मिळालं, म्हणजे आगीनंतर दुसऱ्याच दिवसाचं. तेराला शहादेवनं खळ्यात ट्रॅक्टर घालून माती वरखाली केली होती, त्यामुळं जमिनीवरून हे कुणी नीट बघितलंच नव्हतं.

आमच्या गावच्या उत्तरेला तीन गोष्टी मावळतीकडून उगवतीकडं एका ओळीत आहेत: आमचा उकिरडा, शहादेवचं खळं, आमची आमराई. डाग खळ्यावर रुंद आहे. आमराईच्या बाजूला तो झाडांच्या बराच अलीकडं संपतो. मधली वाळलेली गवताची पट्टी जशीच्या तशी पिवळी आहे. मावळतीकडं मात्र डागाला शेपूट आहे, निमुळतं होत गेलेलं. मे महिन्यात आमच्याकडं वारा मावळतीचाच. आग वाऱ्याबरोबर पसरत जाते, म्हणजे निमुळत्या टोकाला सुरुवात. आमराईतून आग आलीच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

तर चाँदचाचाची चूल नव्हे. हे मान्य करायला मला अडचण नाही. मी "जाऊ शकते" एवढंच म्हणालो होतो.

मग काय असेल? विडी: त्या वेळी तिकडं कोण जाणार. वीज: खांब नाही. प्रचाराचे फटाके: ही शक्यता सगळ्यात जास्त वाटते, त्या दिवशी दोन पक्षांच्या मिरवणुका होत्या. शेपटाचं टोक बरोबर आमच्या उकिरड्याच्या कोपऱ्याला लागतं. उकिरड्यात आपणहून पेटेल असं काय असतं, काही सुचत नाही.

२१ मार्च

जेवताना आईला विचारलं, उकिरड्यात काय काय असतं?

"काय असतंय म्हंजी? शेण, पाचोळा, राख." मग भाकरी थापता थापता थांबली. "आखितीची राख तूच टाकलीस की रं. पाणी मारलं हुतंस न्हवं?"

मी हो म्हणालो.

पाणी मारलं नव्हतं.

२३ मार्च

गोवरीचा विस्तव राखेखाली दिवसभर जिवंत राहतो, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. पूर्वी बाया सकाळी शेजारणीकडून विस्तव मागून आणायच्या तो काय उगाच? पण माहीत असणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

काल परसात मोकळ्या जागी, चारी बाजूंनी ओली माती करून, तेवढ्याच गोवऱ्या जाळल्या. दुपारी सव्वा वाजता राख ओतली. संध्याकाळी सहाला वरून हात ठेवता येत होता. रात्री नऊला मांजर त्याच्या उबेला येऊन बसलं. रात्री एक वाजता कडब्याचं चिपाड आत खुपसलं. फुंकर मारायचीही गरज पडली नाही.

प्रयोग तीनदा करायचा असतो. मी एकदाच केला.

२६ मार्च

मॅडमचा मेसेज: सदतीसचं काय झालं? अजून काम चालू आहे असं कळवलं.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. मग हिच्यात तरी चोरी कशाला?

त्या रात्री मी जागा होतो. गच्चीवर मोबाईल तिपाईला लावून उत्तरेकडं तोंड करून बसलो होतो. बीडवरून अरोरा दिसणार नाही हे मला ठाऊक होतं. गणित सरळ आहे: लाली चारशे-पाचशे किलोमीटर उंच असली तरी पृथ्वीच्या गोलाईमुळं ती चाळीस अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरल्याशिवाय आपल्या क्षितिजाच्या वर येत नाही. आपण एकोणीस अंशांवर. तरी बसलो. बावीस वर्षं फळ्यावर खडूनं आभाळ काढणाऱ्याला एकदा खरं बघावंसं वाटलं, यात काय चुकलं?

आणि एक वाजून एकोणीस मिनिटांनी उत्तरेला झाडांच्या मागं लाल दिसलं.

मी उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मी फोटो काढत राहिलो. गणित चुकलं याचा मला आयुष्यात कधी झाला नाही एवढा आनंद झाला. लाली हलत होती, वर चढत होती. पडदा हलल्यासारखी, असं पुस्तकात असतं तशी. मग वास आला आणि कालवड ओरडली.

पहिला फोटो १.१९चा आहे, शेवटचा १.२८चा. नऊ मिनिटं. ते फोटो मी पुसले नाहीत आणि कुणाला दाखवलेही नाहीत. आज उघडले. पहिल्याच फोटोत आग उकिरड्याच्या कोपऱ्यात आहे, जमिनीलगत, हातभर. एक बादली पाणी पुरलं असतं. आमराई सगळी काळोखात आहे.

हा फोटो सकाळी पारावर माझ्या खिशात होता.

३१ मार्च

ईद. दरवर्षी चाँदचाचाला फोन करायचो, मागच्या वर्षी धरून. आज मेसेज टाईप केला, पुसला. परत टाईप केला. बोर्डाची रजिस्टरं भरायची आहेत असं स्वतःला सांगून मोबाईल कपाटात ठेवला.

मला लाज वाटते. यापेक्षा शास्त्रीय शब्द सापडत नाही.

६ एप्रिल

वडवणीला गेलो. नोंदवहीत लिहिलंय: क्रमांक एकोणपन्नासची जागेवर पाहणी. एकोणपन्नास हा रस्त्याच्या कामाचा दिवा आहे, फोनवरही विचारता आला असता.

चाँदचाचाचा गाडा स्टँडच्या बाहेर सापडला. कलिंगड आणि चिकू. दाढी पूर्ण पांढरी झालीय. मला बघून त्यानं आधी स्टूल पुसलं. आई कशी आहे, गुडघे दुखतात का, कोपऱ्यातल्या शेपू आंब्याला फळ किती धरलं, सगळं विचारलं. त्या झाडाला शेपूचा वास म्हणून ते नाव त्यानंच ठेवलंय. यंदा फळ चांगलं आहे म्हणालो तर त्याचा चेहरा उजळला. झाडं आता दुसऱ्याला दिलीत हे त्याला माहीत असणार.

मी दप्तरातून चित्र काढलं आणि वर्गात सांगतो तसं सांगितलं. हा उपग्रह, हा डाग, हे शेपूट, हा वारा. मग राख. मग फोटो. नऊ मिनिटंही सांगितली. तो कलिंगडावर पाणी शिंपडत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मला ठावं हाय, बद्री."

मला समजेना. उपग्रहाचं चित्र त्याला कसं ठाऊक?

त्याला चित्राची गरज नव्हती. आखितीचं जेवून तो आमराईकडं परत चालला होता, तेव्हा मी कानाला मोबाईल लावून घमेलं उपडं केलेलं त्यानं बघितलं होतं. धूर निघत होता. "मनात आलं, तांब्याभर पानी मारावं. पर पोट भरलं हुतं, ऊन लई हुतं. म्हनलं मारीन मागून. खोपीत पडलो तर डोळा लागला. माझी बी चूक हाय ती."

"मग पारावर कावून बोलला नाहीत?" मी विचारलं. मी कॉलेजात "का" म्हणतो. त्याच्यासमोर घरातलं तोंडी आलं.

त्यानं फडकं पिळलं, गाड्याच्या दांडीला वाळत घातलं.

"त्या दिवशी तुझ्या आईनं मला तुझ्या बापाच्या पाटावर बसवलं हुतं. त्याच्या नावानं जेवलो मी. बाप कुठं चारचौघांत पोराचं नाव सांगतो का, बाबा?"

मी स्टुलावर बसून राहिलो. दोन गिऱ्हाइकं आली, गेली. एवढ्या वेळात मी एकदाही माफी मागितली नव्हती, हे लक्षात आलं, आणि मागितली. तो म्हणाला, होतंय असं, तू चिकू खा.

जाहेदाचाची गाड्यामागं पोत्यावर बसून सगळं ऐकत होती. लहानपणी मला कडेवर घेऊन झाडावरचे पाड दाखवणारी बाई. ती मला कधी सर म्हणाली नव्हती.

"आमाला ठावं हुतं, सर," ती म्हणाली. "ज्यांला ठावं न्हाई त्यांला सांगा."

परतीच्या एसटीत चिकूंची पिशवी मांडीवर. मला वाटलं होतं, सांगून हलकं वाटेल.

८ एप्रिल

आईला सांगितलं. ती म्हणाली, मला एकवीस तारखेलाच कळलं, तू हो म्हणालास तवाच. शिकवायला बरा हाईस, खोटं बोलायला न्हाईस. मग बराच वेळ देवघरापुढं बसली. उठताना म्हणाली, "त्यानं आपल्या घरचं अन्न राखलं. आपण त्याचं काय राखलं?"

१२ एप्रिल

हनुमान जयंती. पहाटेपासून गाव पारावर. जन्म झाला, सुंठवडा वाटला, महाप्रसादाच्या पंगतीला वेळ होता. म्हणजे गेल्या वर्षी होते तेवढेच लोक, तीच जागा.

मी चित्र मोठं छापून आणलं होतं. पहिले काही क्षण लोकांना वाटलं, सर आभाळाचं काहीतरी दाखवतायत. कुणीतरी म्हणालं, आरती झाली की बघू. मी म्हणालो, आताच बघा. उकिरडा कुठला, खळं कुठलं, आमराई कुठली, ते लोकांनीच बोटानं ओळखलं. शेपूटही त्यांनीच ओळखलं. शेतकऱ्याला वारा शिकवावा लागत नाही. "सुरुवात तर सरांच्या उकिरड्यात हाय," असं एक म्हातारा म्हणाला. मग मी बाकीचं सांगितलं. राख माझी. पाणी मारलं नाही. आग आधी बघितली मी, आणि नऊ मिनिटं तिचे फोटो काढले. इथं उभा राहून ठिणगीचं बोललो तेव्हा फोटो खिशात होता.

आवाज स्थिर होता. तेवढा सराव आहे.

शहादेव नारळ फोडायचा दगड हातात घेऊन उभा होता. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यानं दगड खाली ठेवला.

"कालवड गेली ती गेली, बद्री," तो म्हणाला. "पर वरीसभर तू माझ्या ओसरीवर चहा पीत हुतास."

तो प्रसाद न घेताच घरी गेला. मागं दोघे-तिघे कुजबुजले, कशाला उकरून काढलं, मिटलं होतं की. ज्याचं मिटलं होतं तो गावात नव्हता, असं म्हातारा त्यांना म्हणाला. मग ठरलं, चाँदला झाडं द्यायला आता कुणाची ना नाही. आणि ज्याच्या शब्दानं गेला त्यानंच जाऊन सांगायचं.

संध्याकाळी आमच्या गोठ्यातली कालवड नेऊन शहादेवच्या दावणीला बांधली. त्यानं घे म्हटलं नाही, ने म्हटलं नाही. अंधार पडताना बघितलं तर तिच्यापुढं वैरण टाकलेली होती.

१५ एप्रिल

मॅडमना यादी पाठवली. "क्रमांक ३७. कडब्याच्या गंजीची आग. कारण: आखितीच्या राखेतला विस्तव, पाणी न मारता टाकलेला. टाकणारा: संशोधक स्वतः. खातरजमा: जागेवर, तीन जणांकडून."

तासाभरानं फोन आला. प्रबंधात असं लिहीत नसतात म्हणाल्या. मी विचारलं, मग काढू का? म्हणाल्या, राहू द्या.

तिसरं प्रकरण मंजूर. अरोराचा पट्टा आपल्या रेखांशावर कुठपर्यंत उतरला त्याचा आकडाही पक्का झाला. आपल्या क्षितिजाच्या बराच पलीकडं थांबला होता. गणित बरोबर होतं.

१९ एप्रिल

वडवणीला परत जाऊन निरोप दिला. चाचीनं मान हलवली. चाचा म्हणाला, यंदाचा हंगाम तर गेला, झाडं दुसऱ्याला दिलीस, त्याच्या पोटावर पाय नको. पुढच्या वर्षी बघू. आखितीला मात्र येतो, वहिनींनी बोलावलंय.

आईनं मला न सांगताच फोन केला होता.

३० एप्रिल

आखिती.

चाँदचाचा सकाळच्या गाडीनं आला. बरोबर टोपलीभर आंबे, आणि ते आमच्या झाडाचे नाहीत म्हणून दोनदा माफी मागितली. जाहेदाचाची आली नाही. आईनं तिच्या वाट्याच्या पोळ्या डब्यात भरून ठेवल्या. शहादेवला मी स्वतः बोलवायला गेलो. तो आला, दारातच बसला, चाचाला "कसं हाय" म्हणाला. चाचा म्हणाला, बरं हाय. एवढंच बोलणं झालं. जेवण होईपर्यंत दोघं बसून होते.

चाचा वडिलांच्या पाटावर बसला. आईनं विस्तवावर घास टाकला, तूप सोडलं, धूर वर गेला. जेवणं उरकली. आईनं घमेलं माझ्या हातात दिलं. मोबाईल मी आधीच कपाटात ठेवला होता.

उकिरड्याकडं निघालो तर मागं पावलं वाजली. चाँदचाचा होता. हात धुवायचा तांब्या काठोकाठ भरून, सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरून येत होता. मी राख ओतली. त्यानं वाकून सगळं पाणी ओतलं, चर्र आवाज बंद होईपर्यंत. मग पायानं राख चाचपून बघितली आणि म्हणाला, आणखी एक तांब्या आण.

मी आणला.